जटायूपासून घारीपर्यंत : हैदराबादच्या आकाशातले पक्षी आणि छोटी विमाने

पक्षी आणि आकाशयान यांच्या झुंजीची आपल्याकडची सर्वांत जुनी कथा रामायणातली. सीतेला आकाशमार्गाने पळवून नेणाऱ्या रावणाला म्हाताऱ्या जटायूने अडवले आणि पंख गमावून तो खाली कोसळला. ही कथा देशात इतकी खोल रुजलेली आहे की जटायू नेमका कोठे पडला, याची प्रत्येक प्रांताची जागा वेगळी. इगतपुरी तालुक्यातले सर्वतीर्थ टाकेद ही आपल्या मराठी माणसांची जागा. आपण पिढ्यान्‌पिढ्या जेथे राहत आलो, त्या तेलुगू मुलुखात भद्राचलमजवळचे एटपाका दाखवतात. अनंतपूरकडचे लोक लेपाक्षीचे नाव घेतात. रामाने जखमी जटायूला ‘ले, पक्षी’, म्हणजे ‘ऊठ, पाखरा’, असे म्हटले, त्यावरून लेपाक्षी, अशी त्यांची व्युत्पत्ती.

या कथेत दोष कोणाचा, हे लहान मूलही सांगेल. आज मात्र पक्षी आणि विमान यांची आकाशात गाठ पडली की वर्तमानपत्रात मथळा येतो, ‘विमानाला पक्षी धडकला’. जणू पक्षी घरून ठरवूनच निघाला होता. या लेखात आम्ही त्या मथळ्याच्या मागे जाणार आहोत. त्यातही मोठ्या प्रवासी विमानांपेक्षा एक-दोन, चार-सहा माणसांच्या छोट्या विमानांकडे पाहणार आहोत. कारण हा इतिहास सुरू झाला तो छोट्या विमानांपासून, आणि आपल्या हैदराबादच्या मधोमध असलेला बेगमपेटचा विमानतळ आज प्रामुख्याने अशाच विमानांचा उरला आहे.

पहिली धडक

राइट बंधूंनी १९०३ साली पहिले उड्डाण केले. त्यानंतर दोन वर्षे होतात न होतात तोच पहिला पक्षी विमानाखाली आला. ७ सप्टेंबर १९०५ रोजी ऑर्व्हिल राइट ओहायो राज्यातल्या डेटन गावाजवळ मक्याच्या शेतावरून घिरट्या घालत होते. पक्ष्यांचा एक थवा पुढे दिसला तेव्हा त्यांनी त्याचा पाठलागच केला. त्यातला एक पक्षी मरून विमानाच्या वरच्या पंखावर पडला आणि पुढच्या वळणावर खाली घसरला. ही नोंद राइट यांच्या दैनंदिनीत आहे. म्हणजे इतिहासातल्या पहिल्या नोंदलेल्या धडकेत पाठलाग करणारा माणूस होता आणि पळणारा पक्षी!

पुढे सात वर्षांच्या आतच या खेळाने माणसाचा बळी घेतला. कॅल्ब्रेथ रॉजर्स हा वैमानिक १९११ साली मुक्काम करत करत अख्खी अमेरिका एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत विमानाने पार करणारा पहिला माणूस. ३ एप्रिल १९१२ रोजी कॅलिफोर्नियातल्या लाँग बीच येथे समुद्राकाठी उडत असताना त्याचे विमान समुद्रपक्ष्यांच्या थव्यात शिरले. एक पक्षी विमान वळवण्याच्या यंत्रणेत अडकला आणि विमान किनाऱ्याजवळ कोसळले. पक्ष्याच्या धडकेने मरण आलेला हा पहिला ज्ञात वैमानिक. हजारो मैलांचा प्रवास, असंख्य मोडतोडी यांतून वाचलेल्या माणसाला एका पक्ष्याने खाली आणले.

एक आकाश, दोन पाहणारे

आता आपल्या शहराकडे येऊ. १९३०चे दशक हे हैदराबाद संस्थानात उड्डाणाचे वेड शिरल्याचे दशक. बाबर मिर्झा यांच्या पुढाकाराने येथे एअरो क्लब उभा राहिला आणि बेगमपेटचे मैदान विमानांसाठी वापरात आले. दोन पंखांची, कापड ताणलेली, उघड्या कॉकपिटची ती विमाने. वैमानिकाच्या तोंडावर वारा, आणि समोर पक्षी आला तर तोही तोंडावरच.

त्याच सुमारास १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहूला पहिली हवाई टपाल आणली. विमान होते एका इंजिनाचे ‘पस मॉथ’. त्या उन्हातान्हाच्या, धक्के खाणाऱ्या प्रवासात एक पक्षी थेट विमानाच्या आत शिरला होता, अशी हकीकत सांगितली जाते. ही टपाल पुढे बल्लारीमार्गे मद्रासला जात असे आणि थोड्याच वर्षांत या मार्गावर आपल्या हैदराबादचाही थांबा आला.

गंमत अशी, की विमानवाले हैदराबादच्या आकाशाची ओळख करून घेत होते, नेमक्या त्याच दिवसांत आणखी एक गृहस्थ याच आकाशाकडे दुर्बीण लावून उभे होते. ते म्हणजे पक्षितज्ज्ञ सलीम अली. १९३१च्या ऑक्टोबरात त्यांनी हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी सुरू केली. तेव्हाच्या संस्थानात तेलंगणाबरोबर औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद हे आपले पाच मराठी जिल्हेही होते. त्यामुळे ही पाहणी जितकी तेलंगणाची तितकीच मराठवाड्याची. जंगलात तंबू ठोकून, बैलगाडीच्या वाटा तुडवून केलेल्या या कामाचा वृत्तान्त बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९३३-३४ मध्ये क्रमशः छापला गेला.

आकाशाचे हे दोन अभ्यास तेव्हा एकमेकांपासून दूर होते. एकाला पक्षी म्हणजे वाटेतला अडथळा, दुसऱ्याला विमान म्हणजे पक्ष्यांना बुजवणारा आवाज. पुढे सुमारे पन्नास वर्षांनी ते दोन्ही एका कागदावर आले, आणि आणले ते याच सलीम अलींनी. पण ती गोष्ट थोडी पुढे.

बेगमपेटची चढउतार

१९४५ साली निजाम सरकार आणि टाटा यांच्या भागीदारीत डेक्कन एअरवेज निघाली. तिची डाकोटा विमाने बेगमपेटवरून उडत. १९५३च्या राष्ट्रीयीकरणात ती इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली. हकीमपेटला हवाई दलाचा तळ होताच. १९७०च्या दशकाच्या आरंभी दुंडिगलला हवाई दलाची अकादमी सुरू झाली आणि देशभरातली मुले उड्डाण शिकायला आपल्या शहराच्या उत्तरेला येऊ लागली. दक्षिणेला नादरगुलची धावपट्टी छोट्या शिकाऊ विमानांसाठी वापरली जाऊ लागली. एकाच शहराभोवती शिकाऊ वैमानिकांची इतकी ठिकाणे असलेली शहरे आपल्या देशात फार नाहीत.

मार्च २००८ मध्ये शमशाबादचा नवा विमानतळ सुरू झाला आणि बेगमपेटची नियमित प्रवासी उड्डाणे थांबली. आमच्या वयाच्या हैदराबादकरांना ते दिवस चांगले आठवतात. रसूलपुरा, बोयनपल्ली, पंजागुट्टा या भागांत डोक्यावरून जाणाऱ्या बोइंगच्या आवाजाने बोलणे अर्ध्यावर थांबवायची सवय होती, ती हळूहळू सुटली. पुष्कळांना वाटले की बेगमपेट संपले. ते संपले नाही, त्याचे गिऱ्हाईक बदलले. आज तेथे उद्योगपतींची आणि नेत्यांची खासगी व भाड्याची विमाने, हेलिकॉप्टर, हवाई दलाची विमाने आणि तेलंगणा स्टेट एव्हिएशन अकॅडमीची शिकाऊ विमाने उतरतात. दर दोन वर्षांनी ‘विंग्ज इंडिया’चे प्रदर्शन भरते. थोडक्यात, १९३०च्या दशकात ज्या छोट्या विमानांनी बेगमपेट सुरू झाले, त्यांच्याकडेच ते परत आले. फरक एवढाच, की तेव्हा भोवती मोकळे माळ आणि शेते होती, आता चारी बाजूंनी शहर आहे.

छोट्याला मोठा फटका

पक्षी धडकला की मोठ्या विमानाच्या इंजिनाची चर्चा होते. जेट इंजिन हवा आत ओढते, तिच्याबरोबर पक्षीही ओढला जातो. छोट्या विमानाचे दुखणे वेगळे. त्याला पुढे प्रोपेलर असतो, बहुतेकदा इंजिन एकच असते, आणि वैमानिकाच्या तोंडासमोर असते ती ॲक्रिलिकची पातळ काच.

हिशेब करून पाहू. आम्ही पदविकेपुरतेच शिकलेले असलो तरी एवढे गणित जमते. एक घार आठशे ग्रॅमची धरू. शिकाऊ वैमानिकांचे नेहमीचे सेस्ना विमान ताशी सुमारे २२० किलोमीटर वेगाने चालले आहे. त्या घारेचा काचेवर बसणारा मारा म्हणजे एक रिकामा घरगुती गॅस सिलिंडर, सुमारे पंधरा किलोचा, तिसऱ्या मजल्यावरून, म्हणजे दहा मीटर उंचीवरून खाली पडावा, तेवढा. वेग निम्मा केला तर मारा निम्मा होत नाही, चौथाईवर येतो, कारण तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणूनच पक्षी दिसत असतील तेथे वेग कमी ठेवा, असे वैमानिकांना शिकवतात. पक्षी घाबरला की बहुधा खाली सूर मारतो, म्हणून शक्य असेल तर विमान वर घ्या, हेही शिकवतात.

मोठ्या प्रवासी विमानाची काच सुमारे १.८ किलोचा पक्षी सहन करू शकेल, अशी चाचणी अमेरिकेच्या नियमांनुसार घ्यावी लागते. जगभर साधारण तोच शिरस्ता आहे. छोट्या विमानांपैकी मोठ्या आकाराच्या विमानांसाठी हाच आकडा ०.९ किलो आहे. आणि दोन-चार माणसांच्या शिकाऊ विमानाच्या काचेसाठी? अशी कोणतीही अट नाही. जाड काच म्हणजे वजन, वजन म्हणजे जास्त ताकदीचे इंजिन आणि जास्त खर्च. त्यामुळे उड्डाण शिकायला बसलेले एकोणीस-वीस वर्षांचे पोर आणि घार यांच्यामध्ये जे काही असते, ते फार थोडे असते.

त्यात वेळेची आणि उंचीची अडचण. धडकांपैकी बहुतेक जमिनीपासून तीन हजार फुटांच्या आत, उड्डाण घेताना वा उतरताना होतात. शिकाऊ विमान तर धावपट्टीभोवती साधारण हजार फुटांवर पुन्हा पुन्हा फेऱ्या मारत असते. उन्हे तापली की जमिनीवरून गरम हवेचे झोत वर उठतात आणि घारी पंख न हलवता त्यांवर तरंगत नेमक्या याच उंचीला येतात. पक्षी येणाऱ्या वस्तूच्या अंतराचा अंदाज चांगला घेतो, वेगाचा तितका घेत नाही. कुत्रा वा ससाणा किती जवळ आल्यावर उडायचे, हे त्याला लाखो वर्षांनी शिकवले आहे. विमानाला येऊन सव्वाशे वर्षेही झालेली नाहीत.

विसरले जाणारे अपघात

जानेवारी २००९ हा महिना या विषयात एक धडा म्हणून पाहण्यासारखा आहे. १५ तारखेला न्यूयॉर्कहून निघालेल्या प्रवासी विमानाच्या दोन्ही इंजिनांत रानहंस शिरले आणि वैमानिकाने ते हडसन नदीच्या पाण्यावर उतरवले. सर्वच्या सर्व १५५ जण वाचले. जगभर कौतुक झाले, चित्रपटही निघाला. पण त्याच्या अकराच दिवस आधी, ४ जानेवारीला, लुइझियाना राज्यात समुद्रातल्या तेलविहिरींकडे माणसे घेऊन जाणाऱ्या हेलिकॉप्टरच्या काचेवर एक शिकारी पक्षी आदळला. पक्षी आपल्या घारीपेक्षा किंचित मोठा, साधारण किलोभराचा. धक्क्याने वरचे इंजिनाचे दांडे हलले, दोन्ही इंजिनांची ताकद गेली आणि नऊपैकी आठ जण दगावले. मूळ काच बदलून तेथे कमी ताकदीची ॲक्रिलिकची काच बसवलेली होती, हे तपासात पुढे आले. ही घटना आज किती जणांना आठवते?

त्याच्या आदल्या वर्षी, ४ मार्च २००८ रोजी, ओक्लाहोमा सिटीहून निघालेल्या एका छोट्या खासगी जेट विमानाची पांढऱ्या झोळीवाल्या पक्ष्यांच्या, म्हणजे पेलिकनच्या थव्याशी गाठ पडली. पंखाला मार बसून ते कोसळले, पाचही जण गेले. बेगमपेटची प्रवासी उड्डाणे बंद झाली तो हाच महिना.

मोठ्या विमानाच्या धडकेतून नियम जन्मतात, छोट्या विमानाच्या धडकेतून फार तर एक अहवाल. बहुतेक वेळा तर तोही नाही. पंखाला पोचा पडतो, चार पिसे आणि रक्ताचा डाग मिळतो, कारागीर पत्रा सरळ करतो आणि दुसऱ्या दिवशी विमान उडते. इतिहास लिहिणाऱ्याला येथे हीच अडचण येते. दुर्घटना नोंदली जाते, थोडक्यात टळलेली दुर्घटना नोंदली जात नाही.

गिधाडांचा काळ आणि दहा किलोमीटरचे वर्तुळ

आता त्या कागदाची गोष्ट. १९८०च्या दशकात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने भारतातल्या विमानतळांवरच्या पक्ष्यांच्या धोक्याचा सविस्तर अभ्यास केला. त्यात वयोवृद्ध सलीम अली आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट ग्रब होते. पक्षी धावपट्टीवर का येतात, हा मूळ प्रश्न. उत्तर साधे होते : पोटासाठी. आपल्या देशात सर्वांत धोक्याचे ठरले गिधाड आणि घार, आणि दोघांनाही बोलावणारी गोष्ट एकच, विमानतळाभोवती उघड्यावर पडलेले मांस, मेलेली जनावरे आणि कचरा.

ही समज कायद्यालाही आहे. १९३७च्या विमान नियमांतला ९१वा नियम सांगतो की विमानतळाच्या मध्यबिंदूपासून दहा किलोमीटरच्या आत उघडपणे जनावरे कापू वा सोलू नयेत, आणि पक्ष्यांना ओढून आणील असा कचरा टाकू नये. हॉटेलांचा, मांसाच्या आणि मासळीच्या दुकानांचा कचराही त्यात नावानिशी आला आहे.

दहा किलोमीटर म्हणजे किती? वाचकांनी घरातला हैदराबादचा नकाशा उघडावा आणि बेगमपेटवर कंपासाचे टोक ठेवावे. वर्तुळात सगळे सिकंदराबाद आले. हुसेनसागर, टँकबंड आणि खैरताबाद आले. भोईगुडा आले. नामपल्ली, कोठी, सुलतान बझार, जांबाग, काचीगुडा, म्हणजे आपल्या मराठी घरांच्या, शाळांच्या आणि गणेशमंडळांच्या जुन्या जागा आल्या. अफझलगंजचा मुसीवरचा पूल आला आणि चारमिनार अगदी रेषेवर राहिला. म्हणजे हा नियम विमानतळवाल्यांसाठी कोठेतरी लांब लिहिलेला नाही. तो आपल्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या कचराकुंडीवर लिहिलेला आहे. हकीमपेटच्या हवाई तळाभोवती असेच वर्तुळ काढले तर जवाहरनगरचा, अख्ख्या शहराचा कचरा पोटात घेणारा डेपो त्याच्या आत येतो.

दरम्यान एक मोठी उलथापालथ झाली. १९९०च्या दशकात आपल्या देशातली गिधाडे मरू लागली आणि पंधरा-वीस वर्षांत त्यांच्या तीन मुख्य जातींतली ९७ टक्क्यांहून अधिक नाहीशी झाली. गुरांना दुखण्यावर दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे औषध मेलेल्या जनावरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाऊन त्यांची मूत्रपिंडे निकामी करत होते. २००४ साली हे सिद्ध झाले आणि २००६ साली गुरांसाठी त्या औषधावर भारतात बंदी आली. सिकंदराबादच्या पारशीगुट्ट्यावर दोखमा आहे, पण त्यावर उतरणारी गिधाडे उरली नाहीत. आता लांब चोचीची गिधाडे पाहायची तर आसिफाबाद जिल्ह्यात बेज्जूरच्या जंगलातल्या पालरापूच्या कड्यावर जावे लागते, किंवा प्राणहिता ओलांडून आपल्या गडचिरोलीत.

वैमानिकाच्या दृष्टीने पाहिले तर पाच किलोचा सर्वांत धोकादायक पक्षी आकाशातून गेला. सुटलो, असे कोणी म्हणेल. पण गिधाडे गेली म्हणून शहराची घाण गेली नाही. जो वाटा ती काही तासांत साफ करत, तो कुत्री, कावळे आणि घारी यांच्या वाट्याला आला. दखनीतली चील, तेलुगूतली गद्द आणि आपली घार शहरात सुखाने नांदते, कारण उंच झाडे, मोबाइलचे मनोरे आणि कोंबडीच्या दुकानांमागचे ढीग, तिघेही तिला हवे तसे मिळतात.

धावपट्टीच्या कुंपणाआतही पक्ष्यांना पुष्कळ काही असते. पावसाळ्यात गवत वाढते, त्यात किडे आणि उंदीर. बाप्पाचे वाहन जेथे, तेथे घार आणि घुबड. गवत कापायला यंत्र फिरले की मागे गायबगळ्यांची रांग लागते. पहिल्या पावसानंतर वाळवीला पंख फुटून ती हजारोंनी बाहेर पडते, तेव्हा तर मेजवानीच. टिटवी मोकळ्या मैदानात खड्यांमध्ये अंडी घालते. म्हणून गवताची उंची राखणे, चर साफ ठेवणे, फटाके आणि गॅसच्या तोफा वाजवणे, जीपमधून पक्षी हाकणे, ही कामे विमानतळावर रोजची असतात. ज्वारीच्या राखणीला मचाणावर गोफण घेऊन बसणारे आजोबा ज्यांनी पाहिले, त्यांना हे काम नवे वाटणार नाही. तेही एवढेच सांगत की हाकललेले पाखरू शेताला वळसा घालून परत येते, कारण दाणा तेथेच असतो.

नियम कोणाचा, कचरा कोणाचा

राज्य शासनाच्या नोकरीत वीस वर्षांहून अधिक काळ काढल्यावर असे विषय कोठे अडतात, हे थोडेफार कळू लागते. विमानांचा नियम केंद्राचा. कचरा उचलायचा महापालिकेने वा ग्रामपंचायतीने. मांसाच्या दुकानाचा परवाना आणखी एका खात्याचा, नाल्याची साफसफाई चौथ्याची. दहा किलोमीटरच्या वर्तुळात या सगळ्यांच्या हद्दी एकमेकींना छेदतात. म्हणूनच मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखाली विमानतळ परिसराच्या पर्यावरणासाठी राज्यस्तरीय समित्या नेमण्याची पद्धत आली, म्हणजे सगळी खाती एका टेबलाशी बसतील. टेबलाशी बसून ठरलेली गोष्ट गल्लीत उतरते ती मात्र गल्लीतल्या माणसांच्या हातांनी.

विज्ञान आपले काम करते आहे. विमानावर उरलेल्या पिसावरून वा रक्ताच्या डागावरून पक्ष्याची जात ओळखता येते. कोइमतूरला सलीम अलींच्या नावाने उभ्या राहिलेल्या पक्षिविज्ञान केंद्रात हे काम चालते. आपल्या अत्तापूरच्या सीसीएमबीच्या प्रयोगशाळेतही डीएनएवरून वन्य जीव ओळखण्यात मोठे काम झाले आहे. घार होती, बगळा होता की कबूतर, हे कळले की तो कोठून, कशासाठी आला, याचा माग लागतो. आणि माग बहुतेक वेळा कचऱ्यापाशी संपतो.

आता मुद्द्याचे. आपल्या समाजातली मुले-मुली आज मोठ्या संख्येने वैमानिक होण्याची स्वप्ने पाहतात. कर्ज काढून आईवडील फी भरतात. त्या मुलाने पहिले एकट्याचे उड्डाण केले की नातेवाइकांच्या ग्रुपवर पेढ्यांचे फोटो येतात. त्याच्या समोरची काच किती पातळ आहे, हे आपण वर पाहिलेच. तिच्यापुढे घार येऊ नये, एवढे करायला आपल्याला विमानाचे शिक्षण लागत नाही.

उत्सवाचे दहा दिवस हे आपल्या हातातले दिवस आहेत. महाप्रसादाची उष्टी पाने आणि उरलेले अन्न मंडपामागे वा नाल्यात न टाकता झाकणाच्या डब्यात भरून त्याच दिवशी गाडीत जावे. विसर्जनाच्या वेळी टँकबंडवर नैवेद्याच्या पिशव्या पाण्याकाठी सोडू नयेत. त्यांच्यावर रात्रीत कुत्री आणि सकाळी कावळे-घारी जमतात. लगेच पितृपंधरवडा येतो. कावळ्याला ठेवलेला घास मूठभर असतो, तो त्या क्षणी उचलला जातो, त्याने कोणाचे वाकडे होत नाही. पण श्राद्धाच्या जेवणाचे उरलेले पातेले गच्चीच्या कोपऱ्यात उलटे करणे ही परंपरा नाही, तो आळस आहे. आपल्या गल्लीतल्या मटणाच्या आणि कोंबडीच्या दुकानदाराशी आपली ओळख असते. टाकाऊ भाग उघड्यावर न टाकता उचलणाऱ्या गाडीकडे द्या, असे तक्रारीपेक्षा ओळखीने सांगितलेले तो जास्त ऐकतो. आणि त्याची गाडी येत नसेल तर त्याच्या बाजूने अर्ज करायला आपण जावे.

घारीशी आपले काही वैर नाही. मारायची असती तर निजामाच्या काळापासून बंदुका होत्या, त्यांनी आकाश रिकामे झाले नाही. गिधाडांवर तर कोणी बंदूकही उचलली नव्हती. ती आपल्याच हातून, न कळत, औषधाने संपली, आणि आता ती परत आणण्यासाठी पिंजऱ्यात पिले वाढवण्याचे प्रयत्न करावे लागतात. दोन्ही गोष्टींत मूळ एकच : आपण खाली काय टाकतो, ते वर उडणाऱ्यांपर्यंत पोचते.

पुढच्या वेळी बेगमपेटच्या बाजूला आकाशात दहा-बारा घारी एकाच जागी गोल फिरताना दिसल्या, की वर पाहून झाल्यावर एकदा खालीही पाहावे, आणि त्यांच्या बरोबर खाली काय पडले आहे, ते जाऊन शोधावे.